तांब्याच्या तीन पट्ट्या

माझ्या बायकोचं अर्धं डोकं सातासमुद्रापलीकडे असतं, असं मी म्हणायचो तेव्हा लोक हसायचे. धनश्रीही हसायची. माघातला तो सोमवार उजाडेपर्यंत आम्हा दोघांनाही त्यात विनोदच दिसत होता.

धनश्री गुळव्या आहे. आमच्या निंबरे गावात आणि आसपासच्या दहा गावांत बाईमाणूस गुळव्या ही एकटीच. गुऱ्हाळावर उसाचा रस ज्या प्रचंड लोखंडी काहिलीत उकळतो, तिच्या काठावर उभं राहून पाक कधी झाला हे सांगायचं, हे गुळव्याचं काम. क्षणभर आधी उतरवला तर गूळ चिकट, क्षणभर उशीर झाला तर करपट. तिच्या वडिलांची ही विद्या तिनं उचलली, आणि खरं सांगतो, बापापेक्षा चढ निघाली.

पण तिला चौदाव्या वर्षापासून फिट येते. उकळत्या काहिलीच्या काठावर फिट येणं म्हणजे काय, हे मी लिहीत नाही. लग्नानंतर पहिली चार वर्षं ती गुऱ्हाळाच्या फाटकाबाहेर बसून नुसत्या वासावर पाक ओळखायची आणि आत ओरडून सांगायची. तिचे तेव्हाचे डोळे मला अजून आठवतात.

मग जुळी आली.

जुळी म्हणजे धनश्रीच्या मेंदूची गणितातली प्रतिकृती. कानामागे बोटभर रुंदीची एक पट्टी असते. ती मेंदूतल्या विजेची हालचाल, नाडी, झोप, घाम, सगळं टिपते आणि पाठवते. दूर कुठल्या तरी संगणकात लाखो आकड्यांची एक रचना हे सगळं गिळते आणि धनश्रीच्या मेंदूसारखी वागायला शिकते. ती खऱ्या मेंदूच्या थोडी पुढे धावते. म्हणजे फिटचं वादळ आधी जुळीत उठतं, धनश्रीत नंतर. चाळीस मिनिटं आधी पट्टी कानामागे थरथरायची. धनश्री काहिलीपासून लांब जाऊन नाकात औषधाचा फवारा मारायची, तासभर टेकायची, की झालं. सहा वर्षांत एकही फिट नाही. सहा वर्षं शिकलेली जुळी होती ती. दुकानातून नवी आणता येत नाही.

आमच्या तालुक्याच्या सहकारी आरोग्य संस्थेत अशा दोनशे एकतीस जुळ्या होत्या: कुणाच्या हृदयाची, कुणाच्या साखरेची. मी संस्थेचा सचिव आणि तालुक्याच्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. जुळ्या राहायच्या 'क्लाउड'मध्ये. शब्द ऐकून माणसाला वाटतं, वर आभाळात असेल काहीतरी, कुणाच्याच मालकीचं नसलेलं. तसं नसतं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या इमारतीत असलेलं दुसऱ्याचं यंत्र. आणि ज्याची जमीन त्याचा कायदा.

त्या सोमवारी सकाळी आठ वाजता धनश्रीच्या पट्टीचा हिरवा दिवा विझला. फोनवर संदेश आला: सेवा पुढील आदेशापर्यंत स्थगित.

दोन सरकारांचं कशावरून तरी फाटलं होतं. ज्या देशात आमच्या जुळ्या राहत होत्या, त्यानं फर्मान काढलं की आपल्या भूमीवरचा परक्यांचा सगळा आरोग्यसाठा गोठवावा. ज्याला सेवा परत हवी त्यानं नव्या अटींवर सही करावी. म्हणजे जुळीवर त्या देशाचा कायदा चालेल, तिथलं सरकार आणि विमा कंपन्या ती वापरू शकतील, आणि दुसरीकडे कुठेही प्रत असेल तर ती मिटवावी लागेल. मुदत शुक्रवार दुपारी बारा. सही नसेल तर जुळी पुसली जाईल.

आता मला माझीच लाज सांगितली पाहिजे.

आठ वर्षांपूर्वी संस्थेनं हा करार केला, तेव्हा वार्षिक सभेत एकच बाई उठून उभी राहिली होती. उज्ज्वलाआक्का चौगुले. आक्का उमेदीत मोठ्या सरकारी डेटा सेंटरमध्ये इंजिनिअर होत्या, वडिलांच्या आजारपणात गावी आल्या त्या इथल्याच झाल्या. उंचीनं चार फूट दहा इंच आणि आवाज दवंडी देणाऱ्याचा.

"करार कुणी वाचलाय?" त्यांनी विचारलं होतं. "एकसष्टावं पान कुणी बघितलंय? भांडण झालं तर कोर्ट त्यांचं, जमीन त्यांची, यंत्र त्यांचं. आपलं काय, तर फक्त डोकं!"

सभा हसली. आक्कांनी दोन गोष्टी मागितल्या. दर रविवारी सगळ्या जुळ्यांची प्रत गावात यावी, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यातल्या थंड खोलीत, आपल्याच यंत्रावर. आणि त्या प्रतीला कुलूप असावं.

"आपल्याच गावात कुलूप कशाला?" मी व्यासपीठावरून विचारलं होतं, जरा छद्मीपणानंच.

"परदेशातल्या चोरापेक्षा गावातला पुढारी जवळ राहतो म्हणून!"

टाळ्या पडल्या आणि ठराव मंजूर झाला. विरोधात एकच मत पडलं, माझं. फुकटचा खर्च आणि म्हातारीचा हट्ट, असं मला मनापासून वाटलं होतं.

किल्लीची रीत आक्कांनी गावदेवीकडून घेतली. देवीच्या दागिन्यांच्या पेटीला आमच्याकडे एकाच मानकऱ्याची किल्ली चालत नाही. वेगवेगळ्या घरचे मानकरी जमले तरच पेटी उघडते. आक्कांनी तेच गणितात बसवलं. त्यांनी सभेत फळ्यावर एक ठिपका काढला. "ह्यातून किती रेषा जातील?" कितीही. मग दुसरा काढला. "आता?" एकच. "ती रेषा ह्या उभ्या अक्षाला जिथं छेदते, तो आकडा म्हणजे आपली किल्ली. त्याच रेषेवरचे तीन ठिपके तिघांकडं देतो. एकट्याला काय कळणार न्हाई. कुठलेही दोघं आले की रेषा सापडली."

तीन ठिपके म्हणजे लांबच लांब आकडे. ते तांब्याच्या तीन पट्ट्यांवर कोरले. एक आनंदराव देसायांकडे, एक निवृत्त मुख्याध्यापिका राजश्रीबाई देसायांकडे, आणि तिसरी माझ्याकडे. विरोध करणाऱ्यालाच किल्ली! आक्कांनी मला चिमटा काढला असंच मी समजलो आणि पट्टी कपाटात साड्यांखाली टाकून दिली.

आठ वर्षांनी ती काढायची वेळ आली, तेव्हा आनंदराव आदल्याच दिवशी, रविवारी वारले होते.

बुधवारी संध्याकाळी धनश्रीला फिट आली. सहा वर्षांनंतर पहिली. मी हातापाया पडून तिला गुऱ्हाळावर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून ती स्वयंपाकघरात पडली. ओट्याची कड लागून भुवई फुटली. तिला कुशीवर वळवून मी घड्याळ बघत बसलो. दोन मिनिटं दहा सेकंद. दवाखान्यात मी हे शंभरदा पाहिलंय. घरात ते वेगळं असतं.

ती झोपल्यावर मी फोन घेतला. काळजीवाहक म्हणून मला तिच्या वतीनं सही करता येत होती. नव्या अटींच्या तळाशी निळा चौकोन होता. गावातल्या साठेक जणांनी तोवर सह्या केल्या होत्या आणि त्यांच्या पट्ट्यांचे दिवे हिरवे झाले होते. मी अंगठा चौकोनावर नेला.

"काय करताय?"

धनश्री उठून बसली होती. भुवईवर बँडेज, आवाज जड.

"तुझ्यासाठीच करतोय."

"माझ्यासाठी करताय तर मला इचारलं का?"

"फिट आली तुला, धना. काहिलीवर आली असती तर?"

"तर मेलो असतो. पण ते डोकं माझं हाय." तिनं फोनकडे बोट केलं. "चौदाव्या वर्षापास्नं समदी गावं माझं डोकं बघत आल्यात. येडी म्हणाली, झपाटल्याली म्हणाली. सहा वरसं कुठं ते माझं माझं झालं हुतं. आन तुम्ही ते देणार? उद्या त्यांचं आणि कुणाचं वाजलं तर परत दिवा इझवतील. मग काय देणार? दुसरी बायको?"

मी फोन खाली ठेवला. ती पलीकडे वळून पडली आणि म्हणाली, "सकाळी आक्काकडं जावा. त्यांनी कायतरी केलंय न्हवं आपल्यासाठी?"

गुरुवारी सकाळी आधी मी आनंदरावांच्या घरी गेलो. थोरला मुलगा ओसरीवर बसला होता. तांब्याच्या पट्टीचं नाव काढताच त्याचा चेहरा पडला.

"आबांच्या उशाखाली हुती की ती. वर आकडं कोरलेलं, शेंदूर लावल्याला. रोज हात जोडायचं तिला. आम्हास्नी वाटलं ताईत हाय, कुणा देवरुष्यानं दिल्याला." त्यानं नदीकडे हात केला. "सोमवारी अस्थीसंगं हिरण्यकेशीत सोडली."

आकड्यांच्या पट्टीला शेंदूर फासणारा आणि ती अस्थींबरोबर विसर्जित करणारा तालुका जगात आमचा एकच असावा. पण रागावणार कुणावर? म्हाताऱ्यानं आठ वर्षं ती प्राणापलीकडे जपली होती. मी तर साड्यांखाली टाकली होती.

उरल्या दोन. माझी आणि राजश्रीबाईंची. पण बाई त्याच भावकीतल्या, त्यांना सुतक. दहावा दिवस मंगळवारी. देवीच्या पेटीचा नियमच आहे, सुतकात मानकरी किल्लीला शिवत नाही. बाईंनी निरोप पाठवला होता: पट्टी मंगळवारी मिळेल.

मी आक्कांकडे धावलो. त्या अंगणात सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी मनातलं बोललो.

"आक्का, तुमच्याकडं एक असणारच की. कुलूप तुम्हीच बनवलंय. चौथी पट्टी, कुठंतरी लिहिलेला आकडा, कायतरी. आज काढा. मी कुणाला सांगणार न्हाई."

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"न्हाई माझ्याकडं."

"असं कसं?"

"कुलूप करणाऱ्याकडं किल्ली असली तर ते कुलूप न्हवं, रणधीर, ते सोंग. तीन पट्ट्या कोरल्या आणि आकडा पुसला. मला आठवू नये म्हणून तो वाचलासुदिक न्हाई." त्यांचा आवाज खाली आला. "कालपास्नं सत्तर माणसं येऊन गेली हितं. सगळ्यांस्नी वाटतं माझ्याकडं हाय. असती तर बरं झालं असतं, असं मलाबी वाटलं काल रात्री. पण असती, तर आठ वर्षांत कुणीतरी धमकावून न्हाईतर पाया पडून ती माझ्याकडनं घेतली असती. मीच दिली असती."

मी संतापलो. एवढं शिकून एक जादा किल्ली ठेवता आली नाही, असलं काहीबाही बोललो. त्या शेंगांची फोलपटं गोळा करत होत्या.

"मंगळवारपर्यंत थांबलो तर?" मी शेवटी विचारलं.

"प्रत रविवारची हाय. जुळीला रोजचा घास लागतो. मेंदू रोज थोडा बदलतो, आणि कानामागच्या पट्टीत चार-पाच दिवसाचंच मावतं. आठवडाभर उपाशी ऱ्हायली, की ती बहिणीची ओळख विसरती. मंगळवारी उघडलीस तर कुलूप निघंल, पण धनश्रीची जुळी तिला वळखंल का, ते मी सांगू शकत न्हाई." त्या उठल्या. "बाईंकडं जाऊया. धनश्रीला घे. तिचं डोकं हाय, तिनंच मागू दे."

राजश्रीबाईंच्या दारात आम्ही तिघं उभे राहिलो. बाई आत, आम्ही बाहेर. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ताठ बाई, निम्म्या गावाला गणित-विज्ञान शिकवलेली. मीही त्यांच्या छडीचा मार खाल्लेला.

"बाई, तुम्ही विज्ञान शिकवलं आम्हाला," मी म्हणालो. "आकड्यांना कसलं सुतक?"

"आकड्यांना नाही, रणधीर. मला आहे." बाईंचा आवाज शांत होता. "सुतकाचं शास्त्र काय आहे ते मला शिकवू नकोस. मी ही पट्टी घेतली तेव्हा शब्द दिला होता, की पेटीच्या किल्लीचे सगळे नियम पाळीन. आज तुझ्या बायकोसाठी एक नियम मोडला. उद्या आमदार येईल, त्याचंही कुणीतरी आजारी असेल. नियम काय एकदाच मोडतो?"

मी आक्कांकडे पाहिलं. वाटलं, आता भांडतील. त्या मान डोलावत होत्या!

"बरोबर हाय," आक्का म्हणाल्या. "म्हणूनच बाईंकडं दिली."

मला दोघींचीही मानगूट धरावीशी वाटली. तेवढ्यात धनश्री पुढं झाली. उंबऱ्याबाहेरच थांबून तिनं विचारलं, "काकी, यात्रेच्या दिवशी सुतक आलं तर पेटी उघडत न्हाईत व्हय?"

बाई उंबऱ्याजवळ आल्या.

"मी ल्हान असताना थोरला आजा वारला हुता, यात्रेच्या आदल्या दिवशी," धनश्री म्हणाली. "तवा चंद्राआत्या आली हुती सासरनं. तिनं किल्ली घेतली, पेटी उघडली, पालखी परत आली तशी किल्ली परत ठेवली. मी बघितलंय."

लग्न होऊन गेलेल्या लेकीला माहेरच्या भावकीचं सुतक नसतं. हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. आणि माझी बायको लग्नाआधीची देसाई. आनंदराव तिचे लांबचे चुलते. चार दिवस मी डोकं आपटत होतो आणि किल्लीला हात लावायचा मान माझ्याच घरात जेवत होता.

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे," त्या म्हणाल्या. "मी शिवत नाही. तू आत ये आणि घे. सूर्य मावळायच्या आत परत आणून ठेव."

बर्फाच्या कारखान्याच्या थंड खोलीत आक्कांनी यंत्र सुरू केलं आणि त्या स्वतः पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पट्ट्यांवरचे आकडे त्यांना दिसू नयेत म्हणून. आठ वर्षांनंतर, गावाचा जीव टांगणीला लागलेला असताना, ती बुटकी बाई भिंतीकडे बघत उभी होती. मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली, हारतुऱ्यांतली, लाल दिव्यांतली. एवढं मोठं माणूस पाहिलं नाही.

मी माझा आकडा घातला. धनश्रीनं तिच्या हातातला घातला, एकेक अंक मोठ्यानं न वाचता, ओठ हलवत. दोन ठिपक्यांतून रेषा गेली. कुलूप उघडलं.

धनश्रीची जुळी चार दिवसांची उपाशी होती. कानामागच्या पट्टीच्या स्मृतीत साठलेले चार दिवस तिला भरवायला दोन तास लागले. बुधवारच्या फिटचा घासही त्यातच होता. मग कानामागचा दिवा हिरवा झाला आणि धनश्रीनं तिथंच, थंड फरशीवर बसून, तोंडाला पदर लावला. मीही रडलो. आक्का अजून भिंतीकडेच होत्या. "झालं का? वळू का मी?" एवढंच त्या विचारत होत्या.

शुक्रवारी बारा वाजता समुद्रापलीकडच्या, सही न झालेल्या जुळ्या पुसल्या गेल्या. सह्या केलेल्या साठ जणांच्या तिकडेच राहिल्या. गावातल्या यंत्रावर एकशे एकाहत्तर होत्या. यंत्र लहान, ताकद कमी. आक्कांनी आधीच बजावलं होतं: चाळीस मिनिटं विसरा, पंधरा मिळतील.

शनिवारी धनश्री गुऱ्हाळावर गेली. मी रजा टाकून मागोमाग. ती काहिलीच्या काठावर उभी राहिली, मी तिच्या मागे चार पावलांवर. काहिलीखालचं चुलवाण धडधडत होतं, पिवळ्या फेसाचे डोंगर उठत होते, पाक दाटत चालला होता. आणि नेमका तेव्हाच तिचा हात कानामागे गेला.

पट्टी थरथरली होती.

"धना! लांब हो!" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. पळीभर पाक पाण्यात सोडला, बोटांत गोळी वळली, दगडावर आपटून तिचा आवाज ऐकला. "आजून न्हाई." पुन्हा पाक, पुन्हा पाणी, पुन्हा गोळी. मला एकेक सेकंद ऐकू येत होता. मग ती गरजली, "उतरवा!" माणसांनी काहील उचलली. ती वळली, पंचवीस पावलं चालत बाभळीखाली आली, नाकात फवारा मारला आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली.

"किती झाली?" तिनं डोळे मिटून विचारलं.

"सहा मिनिटं."

"मग नऊ उरली की," ती म्हणाली.

फिट आली नाही. त्या घाण्याचा गूळ सोन्यासारखा पडला.

संध्याकाळी मी त्यातली पहिली ढेप घेऊन आक्कांकडे गेलो. संस्थेचं इतिवृत्तही बरोबर नेलं होतं, आठ वर्षांपूर्वीच्या सभेचं. "आक्का, ह्यात विरोधात एक मत हाय. सगळ्यांची परवानगी काढतो, पण तेवढं खोडायला तुम्ही हो म्हणा. पोरंबाळं वाचतील उद्या."

आक्कांनी ढेपेचा कोपरा फोडून तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला.

"राहू दे ते," त्या म्हणाल्या. "आनंदरावांकडं किल्ली दिली, कारण तो जपणार हुता. बाईंकडं दिली, कारण त्या नियम मोडणार न्हाईत. तुला का दिली, इचारलं न्हाईस कधी."

"चिमटा काढायला."

"माझ्या तोंडावर न्हाई म्हणणारा सबंध सभेत तू एकटा हुतास. मी चुकलो असतो तर अडवायला कुणी पायजे का नको? एक किल्ली त्याच्याकडंच पायजे."

नव्या सभेत नव्या रेषेवर नव्या पट्ट्या कोरायच्या ठरल्या. आनंदरावांची जागा धनश्रीला द्यायचा ठराव आला. आता तिची पट्टी आणि माझी पट्टी एकाच घरात, म्हणजे दोघं मिळून हवं तेव्हा कुलूप उघडू शकलो असतो.

मी उभा राहिलो आणि एका घरात दोन किल्ल्या नकोत म्हणून विरोधात मत दिलं. मग माझी जागा दुसऱ्या घरी द्या म्हणून माझी जुनी पट्टी टेबलावर ठेवली आणि खाली येऊन बसलो. तिसऱ्या ओळीत बसलेल्या आक्का टाळ्या वाजवत होत्या.